साठ रुपयांची कडी

"मावशी, तू मॅगझिनमध्ये लिहितेस ना? मग माझी रूम करून दे."

फोनवर अकरा वर्षांची भाची, मुक्काम पोस्ट देवरी, जिल्हा गोंदिया. मॅगझिनमध्ये लिहिण्याचा आणि रूम करून देण्याचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती. 'दहा हजारात घर बदला' टाइपचे लेख मी पाडलेले आहेत आणि ताई त्यांची कात्रणं इमानेइतबारे जपून ठेवते. म्हणजे पुरावा तिकडे फाइल करून तयार! मी मास कॉम केलंय बाई, इंटिरियर नाही, हे सांगून बघितलं. पलीकडून उत्तर आलं, "म्हणजे तू न करताच लिहितेस?"

झालं. मे महिन्यात बॅग भरली.

पुण्यातल्या मित्रमंडळींना देवरी कुठे, हे सांगताना मला हवेत नकाशा काढावा लागतो. नागपूरहून रायपूर हायवे धरायचा. भंडारा, लाखनी, साकोली मागे टाकायची. मग ट्रकांची रांग लांबत जाते, रस्त्याच्या कडेने जंगल सुरू होतं आणि छत्तीसगडची हद्द यायच्या थोडं आधी देवरी येतं. आजूबाजूला धानाची शेतं, उन्हाळ्यात डोक्यावर तापलेला तवा. मुलांच्या बेडरूमची 'थीम' विकणारं दुकान मला तरी तिथे दिसलं नाही. हे किती बरं झालं, ते नंतर कळलं.

ताईचं घर पुढे स्लॅबचं आणि मागे एक खोली जुनी. विटांच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, वर कवेलू आणि त्याखाली बांबूचा तट्टा. ही ताईच्या सासूबाईंची खोली. त्या मागच्या वर्षी गेल्या. तोपर्यंत भाची त्यांच्याजवळ झोपायची. नंतर ती पुढच्या हॉलमध्ये सहा वर्षांच्या भावाशेजारी दिवाणावर आली आणि खोलीत धानाची पोती गेली. वर्षभर त्या खोलीचं काय करायचं, यावर घरात कुणी बोललं नव्हतं. बोलली ती हीच.

ताईनं बजेट जाहीर केलं : १२,००० रुपये. "वरती एक रुपया मिळणार नाही." भाऊजींनी मान डोलावली. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे तिचं वाक्य घरात फळ्यावर लिहिल्यासारखं असतं.

आता अशा वेळी आपण मोठी माणसं काय करतो? पैसे खिशात ठेवतो, मुलांना हौसेने विचारतो, "तुला कोणता रंग आवडतो?" आणि मग आपल्याला आवडतो तो देतो. मी ताईला म्हटलं, पैसे हिच्या हातात दे. वही कर, जमा-खर्च हीच लिहील. आपण फक्त अडलं तर सांगायचं. ताईनं माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी बारा हजार नाही, घराचा सातबारा मागतेय! पण भाऊजी म्हणाले, "पाहू द्या ना. गणितात तं चांगली आहे."

त्या रात्री भाचीनं यादी केली. गडद निळी भिंत. पंखा. अभ्यासाचं टेबल. लाइट. पुस्तकांना जागा. पडदा. गादी. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात : कडी (आतून).

ताईनं यादी मोठ्याने वाचली. सात गोष्टी वाचल्या. आठवी वाचलीच नाही.

भिंतीला विचारा

पहिला लोच्या रंगाचा. भाचीला चारही भिंती रात्रीच्या आकाशासारख्या हव्या होत्या. मी शेड कार्ड घेऊन तयार. पेंटरकाका आले, बोटाने भिंत खरवडली, खालची ओल पाहिली आणि म्हणाले, "म्याडम, या भिंतीले पिलास्टिक मारलं तं पावसाळ्यात पोपडे पडतीन."

कारण सोपं आहे. चुन्याची भिंत श्वास घेते. जमिनीतून चढणारी ओल तिच्यातून हळूहळू बाहेर पडते. वरून प्लास्टिक पेंटचा थर चढवला, की ओल आत कोंडते आणि रंगाला घेऊनच बाहेर येते. शहरातही जुन्या वाड्यांत, चाळीत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. भिंत कशाची आहे ते आधी, शेड कार्ड नंतर.

मग चुनाच. पण चुन्यात गडद रंग बसत नाही. रंगाची पूड जास्त झाली की चुना पकड सोडतो आणि हात लावला की कपड्यांना लागतो. भाचीचा चेहरा पडला. काकांनी विचारलं, "निळाच पाहिजे ना? आजी काय टाकत होती चुन्यात?"

नीळ! कपड्यांची नीळ. या भागात पुष्कळ घरांच्या भिंती अशा निळसर दिसतात. शेवटी तह झाला तो असा : तीन जुन्या भिंतींना नीळ घातलेला चुना आणि नव्या घराला लागून असलेल्या चौथ्या, सिमेंटच्या कोरड्या भिंतीला तिचं रात्रीचं आकाश.

भाचीनं वहीत गणित मांडलं. भिंत दहा बाय दहा, म्हणजे १०० चौरस फूट. दार वजा केलं की उरली साधारण ८०. एक लिटर इमल्शन दोन हातांत शंभरेक चौरस फूट सहज पुरतं. म्हणजे एक लिटर बस्स. चार भिंतींचा हट्ट धरला असता तर चार लिटर लागले असते आणि पावसाळ्यानंतर पुन्हा चार.

चुन्याची मजा वेगळीच. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो, तेव्हा पोरांना लांब ठेवायचं, डोळे सांभाळायचे. रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, थोडा डिंक घालून पातळ करायचा. भिंत आधी ओली करायची आणि हात सकाळी किंवा संध्याकाळी मारायचा, कारण तो सावकाश वाळला पाहिजे. पहिला हात झाल्यावर भाची रडवेली झाली. "काहीच दिसत नाहीये! भिंत नुसती ओली झालीय." काका काही बोलले नाहीत, बिडी पेटवून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा भिंत उजळून निघाली होती. चुना वाळताना पांढरा होत जातो, हे विज्ञानाच्या पुस्तकात आहे म्हणे. पण तिनं दोन मिनिटं भिंतीवर नुसता तळहात ठेवला. म्हणाली, "आजीच्या वेळी असाच होता."

एक गोष्ट मात्र मी हट्टाने केली. दाराचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू दिला नाही. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं आणि घासताना उडणारी धूळ मुलांच्या पोटात जाते. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याच्या आधीचे थर दारावर तसेच आहेत. पाण्याने ओलं करून घासा, खोली धुऊन काढा आणि डबा घेताना त्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

दोन वर्षांत लहान होणाऱ्या वस्तू

प्रीटीन हे वय फर्निचरवाल्यांच्या फायद्याचं आणि आई-बापांच्या तोट्याचं. आज कार्टूनचा पलंग घेतलात तर पुढच्या वर्षी त्यावर चादर टाकून तो लपवला जातो, मैत्रिणी येतात ना! त्यामुळे माझा फंडा साधा : मुलाबरोबर वाढेल तेच विकत घ्या, बाकीचं घरात शोधा.

खाट आजींचीच ठेवली, सागवानी. तिला काय होतंय! गादीचा कापूस पिंजून घेतला आणि नवी खोळ शिवली. टेबलासाठी अडगळीतली जुन्या दाराची फळी निघाली. सुतारकाकांनी तिला पाय लावले. उंची किती? भाचीला खुर्चीवर बसवून, कोपर वाकवून, कोपराच्या रेषेत. पाय दोन इंच जास्त लांब ठेवले आणि खुर्चीवर उशी आली. ती उंच झाली की उशी जाईल. माँटेसोरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं, तेव्हा मुलांच्या उंचीच्या टेबल-खुर्च्या हीच नवलाई होती. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं, ते तर शिंपले, बिया, पानं असं आजूबाजूला मिळेल ते सामान घेऊन. ताईच्या शाळेत ताराबाईंचा फोटो आहे. मी तो मुद्दा योग्य वेळी काढला आणि फळीचं टेबल मंजूर झालं.

लाइटची गंमत. सगळी पुस्तकं सांगतात, उजेड डाव्या बाजूने हवा. भाची डावखुरी. तिच्या हाताची सावली तिच्याच अक्षरावर पडत होती आणि 'अक्षर सुधार' म्हणून बोलणी खात होती बिचारी! लॅम्प उजवीकडे लावला.

पुस्तकांच्या शेल्फसाठी बुरडाकडे गेलो. सूप, टोपल्या विणणारे हात, त्यांना 'शेल्फ' म्हणजे काय ते वहीत काढून दाखवलं. बांबू आधी पाण्यात मुरवलेला आहे ना, एवढंच विचारून घ्यायचं. त्यातला गोडवा निघून गेला की भुंगा कमी लागतो. २०१७ साली कायदा बदलला आणि जंगलाबाहेर वाढवलेला बांबू 'झाड' राहिला नाही, तो तोडायला-न्यायला पूर्वीसारखी परवान्याची कटकट उरली नाही. शहरातल्या एखाद्या पॉश दुकानात हेच शेल्फ 'इको चिक' लेबल लावून कितीला जाईल, याचा विचार मी मुद्दामच केला नाही.

सगळ्यात मोठा खर्च पंख्याचा. कवेलूखाली मे महिन्यात काय होतं, ते तिथे झोपल्याशिवाय कळत नाही. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी ३५चा. भाचीनं वहीत लिहिलं : वाचले ४० वॅट, दिवसाला १५ तास, महिन्याला १८ युनिट. भाऊजींनी तो हिशेब दोनदा तपासला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "पंखा घ्या. चांगला घ्या."

माझी आयडिया फ्लॉप

आता कबुली. मी पुण्याहून एक जबरदस्त आयडिया घेऊन गेले होते. आजींच्या पेटीतल्या सुती लुगड्याचे पडदे! अहाहा... जुनी आठवण, नवा लुक, खर्च शून्य. असले लेख मीच लिहिलेत. पेटी उघडली, हिरवं लुगडं काढलं, खिडकीवर धरून दाखवलं.

भाचीनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. घडी घातली. "आजी काय पडदा आहे?"

मी गप्प. ताई दारातच उभी होती, ती आत गेली. थोड्या वेळानं नळाचा आवाज आला, बराच वेळ.

पडदा बाजारातून आणला. साधा, पांढरा, जाड कापडाचा. लुगडं पेटीत गेलं आणि पेटी खाटेखाली.

माझ्या लेखांतून मी एक गोष्ट नेहमी विसरते, ती इथे कळली. त्या खोलीत राहणार कोण? ज्या वस्तूला आपण 'आठवण' म्हणतो, तिचं काय करायचं हे ज्याची आठवण त्यानं ठरवायचं. डेकोरेटरनं नाही.

आणि ती आठवी गोष्ट

सहा दिवसांत खोली उभी राहिली. रोज रात्री वहीत टिकमार्क होत गेले. फक्त तळाची ओळ तशीच.

त्या दारावर पूर्वी कडी होती. आजी आजारी पडल्या, तेव्हा त्या आत अडकू नयेत म्हणून भाऊजींनी काढून टाकली होती. स्क्रूची चार भोकं पुट्टीने बुजवलेली दिसत होती. घासताना तीच पुट्टी निघाली आणि भाची म्हणाली, "जागा तर आहेच."

ताई म्हणाली, "कायला पाहिजे कडी? घरात परकं कोण आहे?"

हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलंय. आपल्या घरांत दार लावणं म्हणजे रुसणं, नाही तर काहीतरी लपवणं. तिसरा अर्थच नाही. मी माझं ज्ञान पाजळलं. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार केला, भारताने तो १९९२ साली स्वीकारला, त्याच्या सोळाव्या कलमात मुलांच्या खासगीपणाचा हक्क आहे. ताई म्हणाली, "मला नको शिकवू. बालहक्कांचं ट्रेनिंग केलंय मी शाळेत." आणि पोळ्या लाटत राहिली.

तिची भीतीही खोटी नव्हती हो. चक्कर आली, पडली, आतून कडी असली तर? एवढ्याशा पोरीनं आत बसून मोबाइलवर काय बघायचं? मला लेकरू नाही, मला सल्ला देणं सोपं आहे.

रात्री जेवताना भाची ताटाकडे बघत बोलली. "मी कपडे बदलते तेव्हा कुणी पण येतं. तो येतो, बाबा येतात. परवा काका आले. मी बाथरूममध्ये जाते तर तिथे सगळं ओलं होतं." थोडं थांबून म्हणाली, "आजी होती तेव्हा आजी दारात बसायची."

कुणीच काही बोललं नाही. भाऊजींनी वरण वाढून घेतलं, जे त्यांना नको होतं. आजींच्या कामांच्या यादीत हे काम कुणी मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई शाळेत गेली नाही, सुट्टीच होती म्हणा. मुलीला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेली. सहा इंची टॉवर बोल्ट, साठ रुपये. बारा हजारांतली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि सगळ्यात जास्त वेळ घेतलेली.

बसवताना सुतारकाकांनी ताईकडे पाहिलं, मग भाचीकडे. म्हणाले, "अर्ध्या इंचाचेच स्क्रू मारतो. रोजच्याले धरून राहीन. पण वेळ आलीच तं बाहेरून एका धक्क्यात निघते." हे त्यांनी ताईच्या कानात सांगितलं नाही, दोघींच्या समोर सांगितलं. भाचीनं विचार केला. "वेळ आलीच तर ना? चालेल." मग तिनं आपलं कलम घातलं : आधी टकटक करायची, दहापर्यंत मोजायचं, मगच धक्का. ताईनं ते वहीत लिहून घेतलं आणि खाली सही केली. शिक्षिकाच ती!

आता तुमच्या सोयीसाठी त्या वहीतला हिशेब, जसाच्या तसा :

चुना, नीळ, डिंक, ब्रश, पॉलिश पेपर – ६५० रुपये
निळा इमल्शन १ लिटर, प्रायमर, पुट्टी – १,०५०
पेंटरकाका, ३ दिवस – २,१००
पंखा – २,९००
बांबूचं शेल्फ आणि दोन टोपल्या – १,४००
सुतारकाका (टेबल, कडी) – १,२००
ट्यूब, लॅम्प, वायरिंग – १,१५०
पडदा, शिलाईसकट – ७८०
गादी – ६००
कडी – ६०
एकूण – ११,८९०
शिल्लक – ११० (माझे)

तुमच्या गावात आकडे बदलतील, मजुरी तर नक्कीच. पण तुमच्या घरात असं दहा-अकरा वर्षांचं कुणी असेल, तर शेड कार्ड आणण्याआधी वही आणि पेन त्याच्या हातात द्या. आणि यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेच खरं हवं असतं.

पुण्याला परतून आठवडा झाला आणि ताईचा फोन आला. आवाज जरा चिडलेला, जरा हसरा.

"आज दूध घेऊन गेले. टकटक केली."

"मग? 'ये' म्हणाली?"

"नाही. 'थांब' म्हणाली."

"आणि तू?"

"थांबले ना. सायी धरली दुधावर."